विश्लेषण : कमिट संदेशातील स्पेलिंग आधीच का तपासतात?

सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये बदल करताना डेव्हलपर त्याचे कारण थोडक्यात नोंदवतो. हाच कमिट संदेश. पुढे बिघाडाचे मूळ शोधताना हे संदेश शब्दांवरून धुंडाळले जातात. स्पेलिंग चुकलेले असेल, तर नेमकी हवी ती नोंद हाती लागत नाही.

नंतर दुरुस्ती का अवघड?

‘गिट’मध्ये प्रत्येक कमिटचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, संदेशही धरून काढला जातो. संदेशातील एक अक्षर बदलले, तरी त्या कमिटचा आणि त्यावर आधारलेल्या पुढच्या सर्व कमिटचा हॅश बदलतो. कोड सहकाऱ्यांपर्यंत पोहोचला असेल, तर त्यांच्या प्रती जुळेनाशा होतात.

तपासणी कशी होते?

लिनक्स कर्नलची ‘चेकपॅच’ स्क्रिप्ट कोडबरोबर संदेशही तपासते. त्यासाठी ती नेहमीच्या चुका आणि त्यांच्या योग्य रूपांची यादी वापरते. शब्दकोशाशी ताडून पाहिले, तर फंक्शनची नावे आणि संक्षेपही चुकीचे ठरतील. खोटे इशारे वाढले, की खऱ्या इशाऱ्यांकडेही दुर्लक्ष होते.

मर्यादा काय?

यादीत नसलेली चूक सुटते. स्पेलिंग बरोबर, पण शब्दच चुकीचा असेल, तर तोही निसटतो. त्यामुळे संदेश शेवटी माणसानेच वाचावा लागतो.