तळं कुणाचं, हुकूम कुणाचा?

मलावीतल्या मालोम्बे सरोवरातला चाम्बो मासा १९८०च्या दशकाअखेर जवळजवळ संपला. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्लंही उपसली होती. नुसत्या बंदीने भागेना, म्हणून १९९३पासून सरकारने किनाऱ्यावरच्या गावांत समित्या उभारून मच्छीमारांना कारभारात ओढलं. विचार रास्त होता. पण समित्यांवर गावप्रमुखांचा वरचष्मा राहिला, जाळीमालक बरेचसे बाहेरच राहिले आणि चाम्बो पूर्वीसारखा परतला नाही. राखणदारी गावाने करायची आणि हुकूम सरकारने सोडायचा, ही भागीदारी टिकत नाही. नियम ठरवण्याचा हक्क, नियम मोडणाऱ्याला अडवण्याचं बळ आणि बंदीच्या महिन्यांत घर चालवण्याची सोय, हे तिन्ही मच्छीमारांना मिळालं का, हाच प्रश्न या अंकातले लेख विचारतात.