अस्वल नसलेले अस्वल, बुरशी नसलेली बुरशी

मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात 'कोआला अस्वल' असे नाव आढळते. गोल चेहरा, मऊ राखाडी केस पाहून युरोपातून ऑस्ट्रेलियात गेलेल्या लोकांनाही ते अस्वलच वाटले. त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'राखाडी पिशवीवाले अस्वल' असाच होतो. पण कोआला कांगारूसारखा पिशवीवाला प्राणी आहे. जन्मलेले पिल्लू जेमतेम दोन सेंटिमीटरचे असते, त्याचे वजन एक ग्रॅमही भरत नाही. सुमारे सहा महिने ते आईच्या पिशवीत दुधावर वाढते. पुढे निलगिरीच्या झाडावर राहते आणि मुख्यतः तिचीच पाने खाते.

दिसण्यावरून चुकीचे नाव मिळालेला दुसरा जीव आपल्या शेतात आहे. बटाट्यावर आणि टोमॅटोवर उशिरा येणारा करपा 'फायटोफ्थोरा' नावाच्या जीवामुळे होतो. या नावाचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा'. १८४५ पासून याच रोगाने आयर्लंडमधील बटाटा सडवला. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली.

पानाखाली पांढरी लव दिसते, म्हणून त्याला सर्रास बुरशी म्हणतात. प्रत्यक्षात त्याचे नाते समुद्रातील तपकिरी शेवाळाशी जवळचे आहे. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणूनच ढगाळ, ओलसर हवेत रोग झपाट्याने पसरतो.

कोआलाला अस्वल म्हटल्याने कोणाचे नुकसान होत नाही. इथे मात्र होते. लवकर येणारा करपा खऱ्या बुरशीमुळे होतो आणि त्यावर 'ॲझोल' गटातील औषधे चालतात. तीच औषधे उशिरा येणाऱ्या करप्यावर सहसा निरुपयोगी ठरतात. पैसे जातात आणि पीकही जाते.

अल्लाह तआलाने हजरत आदम (अ.स.) यांना सर्व नावे शिकवली, असे कुरआनात सूरह बकरामध्ये आले आहे. वस्तूला तिच्या खऱ्या नावाने ओळखणे हा इल्मचा पाया आहे. म्हणून औषध आणायला जाताना नुसते 'करपा पडलाय' एवढेच सांगू नका. रोगट पान सोबत न्या. पानावर गोल वलये आहेत, की ओलसर डाग आणि खाली पांढरी लव आहे, हे दाखवा. कृषी सहायकाला विचारा आणि मगच फवारणी करा.