विहीर वगळून केलेले राष्ट्रीय नियोजन

पाण्याचे सारे अधिकार दिल्लीच्या हाती द्या, देशातल्या सगळ्या नद्यांचा मिळून एक आराखडा करा, समुद्रात वाया जाणारे पाणी तुटीच्या खोऱ्यात वळवा, म्हणजे दुष्काळ कायमचा हटेल, असे एका नामवंत जलतज्ज्ञांनी नुकतेच ठासून सांगितले. या योजनेला त्यांनी ‘एकात्मिक’ म्हटले आहे. राज्ये आडमुठी आहेत, शेतकरी अडाणी आहे आणि शंका काढणारे विकासाचे वैरी आहेत, हे त्यांच्या प्रतिपादनाचे उरलेले सार. इतक्या गंभीर विषयावर इतके उथळ बोलले जाते आणि त्याला टाळ्याही पडतात, म्हणून हा प्रपंच.

किरकोळ मुद्दे आधी उरकू. समुद्राला मिळणारे पाणी वाया जात नाही. खाडी, मासळी आणि त्रिभुज प्रदेशातली शेती त्यावरच जगते. अधिकारांचे म्हणाल, तर आंतरराज्य नद्यांबाबत घटनेने केंद्राला अधिकार दिलेलेच आहेत. 1956 साली नदी मंडळांचा कायदा झाला. त्याखाली आजवर एकही मंडळ उभे राहिले नाही. हाती असलेला अधिकार ज्यांनी वापरला नाही, त्यांना आणखी अधिकार कशासाठी हवेत?

माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. या महाशयांच्या आराखड्यात नद्या आहेत, धरणे आहेत, जोडकालवे आहेत. विहीर मात्र कुठेच नाही. भूजलाच्या उपशात भारत जगात पहिला आहे. अमेरिका आणि चीन मिळून उपसतात त्याहून अधिक पाणी आपण एकटे उपसतो. देशातले निम्म्याहून अधिक सिंचन विहिरी आणि बोअरवर चालते. ज्या नियोजनात हे पाणीच नाही, ते एकात्मिक कसे?

बरे, भूजल हे काही नदीहून निराळे पाणी नाही. पावसाळा सरल्यावर आपल्याकडची नदी वाहते ती बहुतांशी जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर. काठच्या शिवारात बोअर वाढले की पाझर तुटतो आणि बारमाही नदी डिसेंबरातच कोरडी पडते. आपला हिशेब मात्र नदीचे पाणी एका वहीत मांडतो आणि जमिनीखालचे दुसऱ्या वहीत. एकच ठेव दोन पासबुकांत नोंदवून श्रीमंत झाल्याचा आनंद मानावा, तसा हा प्रकार आहे. पृष्ठजल आणि भूजल पाहणाऱ्या दोन केंद्रीय यंत्रणा एकत्र कराव्यात, अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या समितीने 2016 साली केली. जोडकालव्यांवर तासभर बोलणाऱ्यांना त्या शिफारशीसाठी एक वाक्य सापडत नाही.

त्याच 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. मांजरा धरण आटले होते. पण त्याच मांजरा खोऱ्यात ऊस आणि साखर कारखाने वर्षानुवर्षे वाढत गेले, आणि कालव्याचे आवर्तन नसेल तेव्हा त्या उसाला बोअरने पोसले. उद्या दूरच्या नदीचे पाणी तिथे आणून सोडले, तरी ज्याचा पंप मोठा त्याचाच ऊस हिरवा राहील. कारण 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची त्याचे तिच्याखालचे पाणी, हाच नियम व्यवहारात चालत आला आहे. केंद्राने राज्यांकडे भूजलाचा नमुना कायदा पहिल्यांदा धाडला 1970 साली. महाराष्ट्राने 2009 मध्ये आपला कायदा केला, पण गावातल्या बोअरची खोली अजूनही मालकाची ऐपतच ठरवते. या प्रश्नाला हात घालायला धैर्य लागते. नकाशावर निळी रेघ ओढायला ते लागत नाही.

धरणे की पाणलोट, हा आपल्याकडचा जुना वाद. धरणवाल्यांनी विहिरीकडे पाहिले नाही. पाणलोटवाल्यांनी पाणी जिरवले, पण जिरलेले पाणी कोण उपसणार हे बऱ्याच गावांत ठरवलेच नाही. दोन्ही बाजूंनी साठ्यावर भांडण केले आणि वाटपाचा प्रश्न टाळला.

मग हवे काय? उपखोरे हा नियोजनाचा पाया हवा. तिथे पाऊस, धरण, विहिरी आणि सांडपाणी यांचा एकच ताळेबंद दरवर्षी जाहीर व्हावा. आधी पिण्याचे पाणी आणि नदीचा प्रवाह राखावा, उरलेल्यावर पीक ठरवावे. हे स्वप्नरंजन नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावच्या पाणी पंचायतीने जमिनीवर नव्हे, माणशी पाणी वाटले आणि उसाला बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात वाघाड धरणाचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था सांभाळतात. ओढ्यांवरचे बंधारे भरून, विहिरी जिवंत ठेवून त्यांनी कालवा आणि विहीर यांचा एकत्र विचार केला.

राष्ट्रीय नियोजनाचे काम अशा हजारो ताळेबंदांना कायद्याचे बळ देण्याचे आहे. ज्या खोऱ्याने विहिरींसह आपला हिशेब मांडला नाही, त्याला नव्या धरणासाठी किंवा जोडकालव्यासाठी केंद्राने एक रुपयाही देऊ नये. एवढी एक अट घातली, तरी कुठले खोरे खरोखर तुटीचे आहे आणि कुठे केवळ उसाने तूट आणली आहे, हे सगळ्यांसमोर येईल. त्यानंतर जोडकालव्यांची चर्चा खुशाल करावी.