पुसलेला स्टिकर, शाबूत परवाना

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी कोल्हापुरात शाहूपुरीतील दुकानांत शिरले. वह्यांबरोबर संगणकही भिजले. अशा संगणकाच्या स्टिकरवरील २५ अक्षरांची प्रॉडक्ट की पुसली गेली, तर विंडोज पुन्हा बसविता येणार नाही, असा अनेकांचा समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, विंडोजसह विकलेल्या बहुतेक संगणकांत ही की मदरबोर्डमध्येच नोंदलेली असते. तीच आवृत्ती बसविल्यास ती आपोआप वाचली जाते. त्यापूर्वीच्या संगणकांना मात्र स्टिकरचाच मुख्य आधार. मदरबोर्ड निकामी झाल्यास असा परवानाही सहसा त्याच्याबरोबर संपतो. तेव्हा चोरीची प्रत बसविणे म्हणजे अचौर्यव्रताचा भंगच. स्टिकर वाचता येतो तोवर की वहीत उतरवावी, खरेदीचे बिल जपावे आणि हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी.