पसारा चालेल, राडा नको

रमजानमध्ये घरातला सर्वांत अवघड तास कोणता, असं विचारलं तर बाहेरचा माणूस दुपार म्हणेल. रोजा ठेवणाऱ्या आईला विचारलं तर ती असरची नमाज ते मगरिबची अजान यांमधला वेळ सांगेल. पहाटे सहरीसाठी उठलेलं शरीर थकलेलं असतं. गॅसवर काहीतरी उकळत असतं, फळं चिरायची असतात, शेजारी पाठवायचा डबा भरायचा असतो. नेमकं याच वेळी घरातलं तीन-चार वर्षांचं पोर कंटाळून पायात घोटाळू लागतं. मग मोबाइल हातात दिला जातो. पोर गप्प बसतं, काम उरकतं. यात आईला दोष देणं सोपं आहे. तो देणारा बहुतेक वेळा त्या तासाला घरात नसतो, हेही खरं.

या तासावरचा एक उपाय फार जुना आहे. बुखारी शरीफमध्ये मदिनेच्या रुबैय्यि बिन्त मुअव्विज (रजि.) यांची एक हदीस आहे. आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाच्या रोजाबद्दल त्या सांगतात की, आम्ही रोजा ठेवायचो आणि मुलांनाही ठेवायला लावायचो. मुलांसाठी लोकरीची खेळणी करायचो आणि एखादं मूल जेवणासाठी रडू लागलं की इफ्तारची वेळ होईपर्यंत ते खेळणं त्याच्या हातात द्यायचो. रोजा वयात आल्यावरच फर्ज होतो, त्यामुळे चिमुरड्यांनी दिवसभर उपाशी राहावं असा याचा अर्थ कुणी काढू नये. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या बायकांनी मुलाला बाजूला हो म्हटलं नाही. हाताशी असलेल्या लोकरीतून त्याच्यासाठी काही केलं. लोकर सांडत नाही, चिकटत नाही, जमीन पुसावी लागत नाही.

मुलांकडून घरी काही हस्तकला करून घ्या, असं शाळा सांगते, डॉक्टर सांगतात, मोबाइलवरचे व्हिडिओही सांगतात. त्या व्हिडिओत मोठी खोली असते, स्वच्छ टेबल असतं, रंगाच्या आठ बाटल्या असतात आणि साफसफाई दाखवलेली नसते. दोन खोल्यांच्या घरात, जिथे त्याच जागेवर रात्री अंथरूण पडायचं आहे आणि नळाला दिवसाआड किंवा त्याहूनही उशिरा पाणी येतं, तिथे सांडलेला रंग म्हणजे गंमत नव्हे. तिथे तो भरून ठेवलेल्या पाण्यातली एक बादली असतो. आणि ती बादली उचलणारी व्यक्ती बहुधा रोजात असते.

मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत, पसारा आणि राडा. कागदाचे कपटे, दोऱ्याचे तुकडे, चिंचोके इकडेतिकडे पडले तर तो पसारा. तो पाच मिनिटांत गोळा होतो, मूल स्वतःही गोळा करू शकतं. डिंक, ओला रंग आणि भिजवलेली कणीक सतरंजीवर लागली तर तो राडा. लहान मूल असलेल्या घरात पसारा हवाच. राडा मात्र आठवड्यातून एखाद्या दिवशी, गच्चीवर किंवा अंगणात, रोजा नसलेल्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली असावा. मातीत हात घातल्याशिवाय मूल शिकत नाही असं बालवाडीच्या बाई म्हणतात ते बरोबरच आहे, पण माती संध्याकाळी सहा वाजताच कालवली पाहिजे असं काही नाही.

पसाऱ्यापुरतं थांबायचं तर सामान घरातच असतं. एक मोठी परात जमिनीवर ठेवली की मुलाला हद्द कळते. फाडणं, ओवणं, लावणं सगळं परातीत. कपटे परातीतच राहतात आणि थेट कचऱ्याच्या डब्यात जातात. कडप्प्याच्या फरशीवर किंवा पाटीवर कापसाच्या बोळ्याने नुसत्या पाण्याची चित्रं काढता येतात. काळ्या दगडावर ओली रेघ ठळक उमटते आणि काही मिनिटांत सुकून जाते, की पुन्हा कोरी पाटी. दोन वर्षांचं मूलही यात रमतं. पुठ्ठ्याच्या कडेला खाचा पाडून त्यावर रंगीत लोकर गुंडाळायला दिली, तर चार वर्षांच्या मुलाची पंधरा-वीस मिनिटं सहज जातात.

पुठ्ठ्यासाठी लग्नपत्रिकांइतकी उत्तम वस्तू नाही. सगळ्यांच्याच घरात त्यांचा गठ्ठा असतो. मात्र कात्री लावण्याआधी सगळ्याच घरांत एक गोष्ट होते. एका घरात गणपतीचं चित्र बाजूला काढून ठेवलं जातं, दुसऱ्या घरात बिस्मिल्लाह लिहिलेला भाग. पायाखाली येऊ नये ही दोन्हीकडची काळजी एकच. मुलाला हे काम करताना शेजारी बसवलं तर त्याला ते न सांगता कळतं.

उरलेल्या रंगीत कागदाचे दोन सारखे चौकोन एकमेकांवर तिरके ठेवले की आठ कोनांची चांदणी होते. हीच आकृती अरबस्तानात छापलेल्या अनेक कुराणांच्या पानांवर वाचनाच्या भागाची खूण म्हणून दिसते, आणि हीच उंबऱ्यापुढच्या रांगोळीतही दिसते. डिंक लागत नाही, मध्ये सुईने एक टाका घातला की पुरे. टाका मोठ्या माणसाने घालावा. ईदीची पाकिटंही नुसत्या घड्या घालून होतात. मोठ्या मुलांना हे जमतं आणि लहान त्यांचं पाहून शिकतात.

इथे पुण्याच्या अरविंद गुप्तांचं नाव घेतलंच पाहिजे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला त्यांनी हजारो मुलांना शिकवलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत. त्याआधी बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी महागड्या परदेशी साधनांऐवजी बिया, शिंपले, पानं यांच्यावर बालवाडी चालवून दाखवली. म्हणजे या जिल्ह्या-तालुक्याच्या गावांत हे ज्ञान नवं नाही. तरीही रमजान आला की बाजारात फोमचे चांद-तारे आणि चमकी लावलेले तयार संच येतात. ती चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचा भुगा. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीवर बंदी घातली आहे. पर्यावरणाचं सोडा, ती एकदा घरात सांडली की बकरी ईदपर्यंत फरशीवरून निघत नाही.

डाळी आणि तांदूळ चिकटवून चित्रं करण्याची पद्धतही शाळांतून बरीच चालते. ती रमजानमध्ये तरी नको. ज्या महिन्यात भूक म्हणजे काय हे अंगाने समजून घ्यायचं, त्याच महिन्यात मूठभर मसूर डिंकात घालून फेकायची, हे मुलाला काय शिकवणार?

आता मुख्य मुद्दा. हे सगळं करून घ्यायचं कुणी? या तासाला आईच्या हाताला मैदा लागलेला असतो. वडील असरची नमाज पढून चौकात उभे असतात किंवा पंख्याखाली आडवे झालेले असतात. तेही रोजात असतात, दिवसभर दुकानात किंवा कामावर राबून आलेले असतात, हे मान्य. पण परातीशेजारी बसायला ताकद लागत नाही. प्रेषित मुहंमद (स.) घरात काय करत, असं हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. जुम्म्याच्या भाषणांत ही हदीस येते आणि ऐकणारे मानही डोलावतात. इफ्तारच्या आधीची वीस मिनिटं मुलासोबत लोकर गुंडाळत बसणं हा तिचा अगदी साधा अंमल आहे. ज्यांच्या घरी नोकरीनिमित्त पुरुष गावाबाहेर आहे, तिथे दादी-नानी आहेत, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी आहे. शेजारी कोणत्या धर्माचा आहे याने कागदाच्या घडीत फरक पडत नाही. २०२५ साली गुढीपाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ मार्चला आली. अशा वर्षी एकाच जिन्यातल्या दोन घरांच्या कागदी माळा एकाच दुपारी होऊ शकतात.

सर्वांत कमी खटपटीचं एक काम खजुराच्या बियांचं. इफ्तारला खाल्लेल्या खजुरांतली रोज एकच बी धुऊन, वाळवून काचेच्या बरणीत टाकायची. हे काम घरातल्या सर्वांत लहान, पण तोंडात वस्तू घालण्याचं वय ओलांडलेल्या मुलाचं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती बी देऊ नये. ज्याला रोजा ठेवता येत नाही त्याला या महिन्यात स्वतःचं एक काम मिळतं आणि मोजणीही येते. दहा झाल्या की पहिला अशरा संपला, वीस झाल्या की दुसरा. एकोणतीस बिया झाल्या की मूल मोठ्यांबरोबर गच्चीवर चांद पाहायला जातं. चांद दिसला तर बरणी बंद, नाही दिसला तर उद्या आणखी एक बी. ईदनंतर त्यातल्या दोन-तीन कुंडीत पुरायला हरकत नाही. अंकुर फुटायला कित्येक आठवडे लागतात, तेवढं मुलाला आधी सांगून ठेवावं.