बॅटरी, बैल आणि मोडीची किंमत

बैठकांच्या निमित्ताने वणीपासून पुसदपर्यंत फिरणे होते. पूर्वी पारावर कापसाच्या भावाखेरीज दुसरा विषय नसे. आता तरुण पोरे विजेच्या गाडीवरून भांडतात. एक म्हणतो, पेट्रोलच्या कटकटीतून सुटलो. दुसरा म्हणतो, बॅटरी बसली की भंगारवालाही दारात उभे करत नाही. तिसरा विचारतो, गावात लाइन असते कुठे, गाडी काय कंदिलावर चालवता? तिघांचेही थोडे थोडे खरे आहे. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब कोणीच केलेला नसतो. कापसाचा उत्पादन खर्च मांडायला आपण शिकलो, तसा गाडीचाही मांडला पाहिजे.

गाव ते तालुका पंचवीस किलोमीटर धरा, जाऊन येऊन पन्नास. पेट्रोलची मोटरसायकल त्यात जवळजवळ लिटरभर पिते, म्हणजे शंभराची नोट गेली. विजेच्या स्कूटरला तेवढ्यासाठी दोन युनिटच्या आसपास वीज लागते. घरचा वापर महिन्याला १०० युनिटच्या वर गेला की दर एकदम चढतो. तो चढा दर धरला तरी खर्च तीस रुपयांच्या आत राहतो. फेरीमागे सत्तर रुपये वाचले. आठवड्याला दोन फेऱ्या केल्या तर वर्षाचे सव्वासात हजार. आणि नवी गाडी लाखाच्या घरात! बारा टक्क्यांनी कर्ज काढले तर पहिल्या वर्षाचे व्याजच बारा हजार. घरची जुनी मोटरसायकल चालती असताना बाजारापुरते जाणाऱ्याने ती काढून हे कर्ज अंगावर घ्यावे, असे मी म्हणणार नाही. रोज तालुक्याला दूध नेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तीनशे फेऱ्यांचे त्याचे एकवीस हजार वाचतात. ज्याला नाहीतरी नवी गाडी घ्यायचीच आहे, त्याने दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक तेवढा हिशेबात धरावा.

हे लाख रुपये कापसात मोजा. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. म्हणजे तेरा क्विंटल. कोरडवाहू वावरात तेरा क्विंटल किती एकरांतून निघतात हे या पत्रकाच्या वाचकांना सांगायला नको. त्यातही सरकारने १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ कापसावरचे आयात शुल्क माफ केले होते. खुल्या बाजारात आपल्या पदरात काय पडले ते ज्याचे त्याने आठवावे.

पण खरा प्रश्न पुढचा आहे. घेतलेली वस्तू जुनी झाल्यावर तिचे काय येते? कृषी पदवीच्या वर्गात आम्हाला याला घसारा म्हणून शिकवले. माझ्या वडिलांनी तो शब्द कधी ऐकला नव्हता, पण हिशेब त्यांना पाठ होता. बैल ओढायचा थांबायच्या आत ते बाजारात नेत, आलेल्या पैशात भर टाकून नवी जोडी आणत. जुन्या बैलाची किंमत हे नव्या बैलाचे अर्धे भांडवल होते. २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला आणि म्हाताऱ्या बैलाची बाजारातली किंमत कागदावर सही होताच संपली. उरला तो कडब्याचा खर्च. ते भांडवल आपल्या गोठ्यातून गेले, त्याची भरपाई कोणी दिली नाही.

विजेच्या गाडीत बॅटरी म्हणजे हा बैलच समजा. किमतीचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, एकट्या बॅटरीचा. ती उन्हाने लवकर म्हातारी होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. टिनाच्या शेडखाली गाडी तापत ठेवू नये, लिंबाची सावली बरी. लांबून आल्याबरोबर चार्जिंगला लावू नये, निवू द्यावी. घेताना बॅटरीची हमी किती वर्षांची, किती किलोमीटरची, हे लेखी घ्यावे आणि जुनी गाडी परत घेतील का, कितीला घेतील, हे त्याच दुकानात विचारावे. दुकानदार हसला तर उत्तर मिळाले.

आता लाइनचे. पंपाला थ्री फेज पाळीने मिळते, घराला सिंगल फेज. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे, म्हणून वावरातच गाडी लावू असे काही हुशार म्हणतात. शेतीच्या जोडणीवर दुसरा वापर केला तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दंड बसतो. त्या भानगडीत पडू नका.

गंमत अशी की ही वीज ज्या कोळशावर होते, तो याच जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात उकणी, कोलारपिंपरीच्या खाणींतून निघतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. तो रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातही नाही. विजेच्या मोटारीवर, मग ती वीस लाखांची का असेना, ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के. ट्रॅक्टरवर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तो १२ टक्के होता. सहा वर्षे शौकाच्या मोटारीपेक्षा नांगरटीच्या यंत्रावर अधिक कर! तो खाली आणला हे चांगलेच झाले, पण उशिराच.

सूट आम्हाला नको. त्याच धोरणात राष्ट्रीय महामार्गावर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करू म्हटले आहे. ती पांढरकवड्याहून हैदराबादला जाणाऱ्या मोटारींसाठी होईलच. कास्तकार ज्या ठिकाणी सबंध दिवस ताटकळतो, त्या बाजार समितीच्या आवारात आणि एसटी स्टँडवर ती का नको? दुपारी सौर वीज असते, गाड्या तिथे रांगेत उभ्याच असतात. ज्याने वापरली त्याने युनिटप्रमाणे पैसे मोजावेत.

हा ठराव जिल्हा बैठकीपुढे ठेवायचा विचार आहे. ज्यांच्या विजेच्या गाडीने दोन उन्हाळे काढले, त्यांनी वीजबिले आणि किलोमीटरचा आकडा सोबत आणावा.