सिस्टरच्या हाताची थरथर

मागच्या पावसाळ्यात एक परिचारिका माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला आल्या. नोकरी अठरा वर्षांची, जवळच्याच एका ग्रामीण रुग्णालयातली. रक्तदाब ठीक, थायरॉईडचा रिपोर्टही ठीक. मग हळूहळू बोलू लागल्या. चार महिन्यांपूर्वी रात्री सर्पदंश झालेला एक तरुण आणला गेला, तोही उशिरा. डॉक्टर आणि त्यांनी मिळून प्रतिविष, सलाईन, ऑक्सिजन सारे केले, पण पोरगा गेला. नातेवाइकांपैकी एकाने सिस्टरच्या थोबाडीत मारली, दुसऱ्याने इंजेक्शनचा ट्रे भिरकावला.

"मार फार लागला नाही हो डॉक्टर. पण आता फाटकाशी दोन-तीन मोटारसायकली एकदम थांबल्या की छाती धडधडते. सलाईन लावताना हात थरथरतो. मला, मला शीर सापडत नाही!"

दुसऱ्याच रात्री त्यांची पाळी त्याच वॉर्डात होती. कोणी विचारपूसही केली नाही.

वाचकहो, मारहाणीची बातमी आपण वाचतो ती फुटलेल्या काचांची आणि टाक्यांची. टाके आठ-दहा दिवसांत निघतात. मनाचे तसे नसते. झोप उडणे, दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे, त्या खोलीत जाणे नकोसे होणे, घरी मुलांवर विनाकारण चिडणे, अशी त्याची लक्षणे असतात. पहिले काही आठवडे हे स्वाभाविक असते, आणि पुष्कळांचे आपोआप ओसरते. महिना उलटूनही टिकले तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावे. त्यात कमीपणा कसला? 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत, मोफत बोलता येते. नुसत्या झोपेच्या गोळ्यांनी हे बरे होत नाही, म्हणून मी सिस्टरना त्या दिल्या नाहीत.

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला इतकी मारहाण झाली की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला मेंदूचा शल्यविशारद हवा होता, आणि तो तिथे नव्हता. रुग्णाला दुसरीकडे हलवा, एवढेच त्या डॉक्टरने सांगितले. तज्ज्ञ नेमणे त्या पोराच्या हातात होते काय? राज्यभरचे निवासी डॉक्टर तेव्हा सामुदायिक रजेवर गेले, सरकारने सुरक्षारक्षक देण्याचे मान्य केले. पण तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता सिस्टरजवळ कोण असते? फार तर एक वॉर्डबॉय.

कायदा नाही असे नाही. २०१० पासून आपल्या राज्यात तो आहे, आणि तो डॉक्टरांइतकाच परिचारिका, विद्यार्थी व इतर कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, शिवाय मोडलेल्या उपकरणांची दुप्पट भरपाई. परंतु फिर्याद द्यायची कोणी? एकट्या सिस्टरने पोलीस ठाण्याची पायरी चढायची आणि पुन्हा त्याच गावात नोकरी करायची, ही अपेक्षाच चुकीची आहे. फिर्याद रुग्णालयानेच द्यावी आणि मार खाल्लेल्या माणसाला निदान आठवडाभर त्या वॉर्डापासून दूर ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या मंडळींचा दोषही झाकत नाही. त्या रात्री दोन तास मुलाच्या बापाशी कोणीच बोलले नव्हते. 'विष भिनले आहे, आशा कमी आहे' हे त्याच्या कानावर वेळेत पडायला हवे होते. आम्ही डॉक्टर औषध लिहिण्यात उदार आणि बोलण्यात कंजूष! अर्थात म्हणून कोणाला मारण्याचा हक्क मिळत नाही.

या भीतीची किंमत शेवटी रुग्णच मोजतो. एकदा मार खाल्लेला डॉक्टर अत्यवस्थ रुग्णाला हात लावायला कचरतो, 'पुढे न्या' म्हणून चिठ्ठी लिहून मोकळा होतो. आणि पुढे म्हणजे जिल्ह्याला, साठ-सत्तर किलोमीटर. त्या वाटेवर काय काय होते, ते आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे.

सिस्टर आता बऱ्या आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे चार-पाच महिने जात होत्या. त्यांनी अर्ज करून लसीकरण विभागात बदली मागून घेतली, ती मिळालीही. त्यांच्या जागी रात्रपाळीला नुकतीच नोकरीला लागलेली, बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी असते.